राखून ठेवलेलं तारुण्य
(प्रस्तावना)

दोन महिन्यांच्या मुलग्याच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजलं, तर ते मिसरूड फुटू लागलेल्या मुलाच्या जवळपास जाणारं निघतं. त्याच वयाच्या मुलीच्या अंडाशयात बीजपुटकं वाढत असतात आणि त्यांना वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक तिच्या रक्तात भरपूर असतं. मुलग्यात हा जोर सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरतो, मुलीत दोन-तीन वर्षं रेंगाळतो. मग सगळं शांत होतं, आणि ही शांतता पुढची कित्येक वर्षं टिकते. वैद्यकात या काळाला मिनिप्युबर्टी म्हणतात. घरात तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

वयात येण्याविषयीची आपली रूढ समजूत या एका निरीक्षणाने उलटते. लहान मुलांच्या अंगात ही संप्रेरकं नसतातच, दहा-बारा वर्षांची झाली की ती तयार होऊ लागतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती तयार करणारी यंत्रणा जन्माआधीच उभी राहिलेली असते आणि बाळपणी काही महिने चालूनही गेलेली असते. नंतर तिला थोपवून धरलं जातं. तेव्हा तारुण्य कशाने येतं, एवढंच विचारून भागत नाही. इतकी वर्षं त्याला कोण अडवतं, आणि तो अटकाव कधी व कसा उठतो, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधायला आधी यंत्रणेची ओळख हवी. तिच्या तीन पायऱ्या आहेत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या काही मज्जापेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून खाली लोंबणाऱ्या पियुषिका ग्रंथीपर्यंत पोचतं. पियुषिका त्यावर एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. ती अंडाशयाला किंवा वृषणाला जागवतात, आणि मग इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन अंगभर पसरून शरीराची घडण बदलतात. मुलगा असो वा मुलगी, वरच्या दोन पायऱ्या अगदी सारख्या असतात. फरक पडतो तो तिसऱ्या पायरीवर.

जीएनआरएच हा फक्त दहा अमिनो आम्लांचा रेणू आहे, पण तो हाती लागायला फार कष्ट पडले. मेंदूत त्याचं प्रमाण इतकं अल्प, की अँड्र्यू शॅली यांच्या गटाला डुकरांचे आणि रॉजर गिलेमिन यांच्या गटाला मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस प्रचंड संख्येने गोळा करावे लागले. १९७१ मध्ये त्याची रचना उलगडली. १९७७ चं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालं. त्यांच्याबरोबर ते रोझलिन यॅलो यांनाही मिळालं, कारण रक्तातली संप्रेरकं अतिशय कमी प्रमाणातही मोजता येतील अशी पद्धत त्यांनी विकसित केली होती. ती नसती, तर दोन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात काय चाललं आहे हे आपल्याला कळलंच नसतं.

हे संप्रेरक तयार करणाऱ्या पेशी माणसाच्या मेंदूत जेमतेम हजार-दोन हजार असतात. अब्जावधी मज्जापेशींच्या गर्दीत एवढ्याशा पेशींवर मानववंशाचं सातत्य अवलंबून आहे. त्यांचा जन्मही मेंदूत होत नाही. गर्भाच्या नाकाच्या जागी त्या उपजतात आणि गंधाच्या मज्जातंतूंच्या वाटेने चालत हायपोथॅलॅमसपर्यंत जातात. १९८९ मध्ये उंदरांच्या भ्रूणांमध्ये हा प्रवास दिसला, आणि वैद्यकातलं एक जुनं कोडं सुटलं. १९४४ मध्ये फ्रान्झ कॅलमन यांनी अशा कुटुंबांचं वर्णन केलं होतं, की ज्यांतली काही माणसं वयात येत नव्हती आणि त्यांना वासही येत नव्हता. नाकाचा आणि तारुण्याचा संबंध काय, हे तेव्हा समजणं अवघड होतं. उत्तर असं निघालं, की दोघांची वाट एकच आहे. ती वाट गर्भातच बंद झाली, की वासाची जाण आणि तारुण्य दोन्ही अडतात.

आता अटकावाकडे वळू. तो नेमका कुठे असतो? पियुषिका लहानपणी अपरिपक्व असेल, अशी शंका घेता येते. ज्यॉफ्री हॅरिस आणि डोरा जेकबसोन यांनी १९५२ मध्ये ती दूर केली. प्रौढ उंदरीणीची पियुषिका काढून त्यांनी तिथे, हायपोथॅलॅमसच्या अगदी खाली, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची पियुषिका बसवली. ती कोवळी ग्रंथी प्रौढ ग्रंथीसारखी काम करू लागली आणि उंदरीणीचं ऋतुचक्र परत सुरू झालं. म्हणजे ग्रंथी तयारच होती, तिला वरून हुकूम मिळत नव्हता.

दुसरी शंका बीजग्रंथींविषयी. अंडाशयातून थोडंसं इस्ट्रोजेन येत राहतं, त्यानेच मेंदू दबून राहत असेल का? याचं उत्तर टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींनी दिलं. यांतल्या बहुतेकींचं अंडाशय काम करत नाही. बीजग्रंथीच मेंदूला दाबत असत्या, तर या मुलींमध्ये एफएसएच जन्मापासून सतत चढं राहायला हवं होतं. ते बाळपणी खूप चढतं खरं, पण मधल्या वर्षांत आपोआप खाली येतं आणि दहा-अकराच्या सुमारास पुन्हा उसळतं. खालून रोखणारं कुणी नसतानाही हा चढउतार होतो, याचा अर्थ बाल्य राखणारा मेंदूच आहे. त्याने तारुण्य आपल्याजवळ राखून ठेवलेलं असतं.

या विषयातला सगळ्यांत देखणा प्रयोग अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये झाला. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांचे सहकारी ऱ्हीसस माकडांवर काम करत होते. माकडिणीचा हायपोथॅलॅमस निकामी करून तिला बाहेरून जीएनआरएच दिलं, तर पियुषिका पुन्हा काम करायला हवी होती. संथ, अखंड धारेने दिलं तेव्हा ती काम करेना, उलट गप्प झाली. तेच संप्रेरक तासातून एकदा, काही मिनिटांपुरतं दिलं, तेव्हा एलएच आणि एफएसएच पूर्ववत वाहू लागली. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुणी दाराची कडी थांबून थांबून वाजवली तर आपण उठून दार उघडतो, पण ती सारखी वाजतच राहिली तर काही वेळाने कान तिकडे लक्ष देईनासे होतात. पियुषिकेचंही तसंच आहे. निरोपाचा अर्थ त्याच्या लयीत असतो.

१९८० मध्ये या गटाने पुढचं पाऊल टाकलं. वयात न आलेल्या माकडिणींना तासागणिक जीएनआरएचचे ठोके दिले, तेव्हा त्यांना पाळी आली, त्यांच्यात बीजोत्सर्गही होऊ लागला. ठोके थांबवले, तशा त्या पुन्हा बाल्यात गेल्या. तारुण्य आणता येतं आणि परतवताही येतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं. फार लवकर वयात येणाऱ्या मुलांना आज जे उपचार मिळतात, ते याच ज्ञानातून आले. त्यांना जीएनआरएचसारखंच, पण दीर्घकाळ टिकणारं औषध इंजेक्शनाने देतात. ते सतत हजर राहत असल्यामुळे पियुषिका गप्प होते, आणि योग्य वेळी औषध थांबवलं की शरीर आपली वाट पुन्हा धरतं. तारुण्य जागवणाऱ्या रेणूच्याच रूपाने त्याला थांबवता येतं, ही शरीरक्रियाशास्त्राने वैद्यकाला दिलेली मोठी देणगी आहे.

पण ही लय ठरवतं कोण? या प्रश्नावर पाव शतक फारसा उजेड नव्हता. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात कर्करोगाचा अभ्यास करताना एक जनुक सापडलं होतं. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला पुढे किसपेप्टिन हे नाव मिळालं. तारुण्याशी त्याचा संबंध असेल, असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. २००३ मध्ये पॅरिसच्या आणि बॉस्टनच्या दोन गटांनी वयातच न येणाऱ्या माणसांच्या कुटुंबांचा स्वतंत्रपणे अभ्यास केला. दोघांच्या हाती एकच गोष्ट लागली : त्या माणसांमध्ये किसपेप्टिनचा ग्राहक रेणू बिघडलेला होता. म्हणजे जीएनआरएचच्या पेशींनाही कुणीतरी जागं करावं लागतं. २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून न्यूरोकायनिन बी हा दुसरा दुवा मिळाला. आज चित्र बरंच स्पष्ट आहे. हायपोथॅलॅमसमध्ये अशा पेशींचा एक समूह आहे, की ज्या किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन हे तिन्ही तयार करतात. न्यूरोकायनिन त्यांना एकमेकींकरवी चेतवतं, डायनॉर्फिन त्यांना थांबवतं, आणि या चेतवण्या-थांबवण्यातून ठोके पडतात. प्रत्येक ठोक्याला किसपेप्टिन जीएनआरएचच्या पेशींना हलवतं.

आणि अटकाव? त्याचाही एक पहारेकरी २०१३ मध्ये उघड झाला. फार लवकर वयात येणारी मुलं असलेल्या कुटुंबांमध्ये ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांना एमकेआरएन३ या जनुकात बिघाड आढळला. उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये हे जनुक बाल्यात जोरात काम करतं, आणि वयात येण्याआधी त्याचं काम मंदावतं. ते बिघडलं, तर पहारा लवकर उठतो. याची आणखी एक विशेष गोष्ट अशी, की या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रतच चालू असते, आईकडून आलेली मिटलेली असते. त्यामुळे मुलगी अकाली वयात आली, की त्याचं मूळ वडिलांच्या घराण्यातही असू शकतं. आईलाच प्रश्न विचारत बसणाऱ्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

अटकाव उठू लागतो तो रात्री. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी रात्रभर थोड्या-थोड्या वेळाने रक्त घेऊन दाखवलं, की वयात येऊ लागलेल्या मुलांमध्ये एलएचचे ठोके झोपेत वाढतात आणि दिवसा पुन्हा मंदावतात. अंगावर एकही खूण दिसत नसते, तेव्हा हे सुरू झालेलं असतं. पुढे ते ठोके दिवसाही पडू लागतात. मग मुलीत पहिली खूण दिसते, ती म्हणजे छातीवरची कळी. पाळी त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते. आपण मुलगी 'मोठी झाली' असं पाळीच्या दिवशी म्हणतो, पण शरीराच्या हिशोबात तो दिवस बराच उशिराचा आहे. मुलांमध्ये पहिली खूण वृषणांच्या आकाराची असते. त्यांचं आकारमान चार मिलिलीटरपर्यंत पोचलं, की सुरुवात झाली असं धरतात. आवाज फुटणं आणि मिसरूड फुटणं या नंतरच्या गोष्टी. या पायऱ्यांची आजही वापरात असलेली मांडणी जेम्स टॅनर आणि विल्यम मार्शल यांनी १९६९ आणि १९७० मध्ये केली. लंडनजवळच्या हार्पेंडन इथल्या बालगृहातल्या मुलामुलींची वर्षानुवर्षं घेतलेली मोजमापं तिच्यामागे आहेत.

इथे एक गल्लत नेहमी होते, तीही आधीच दूर करू. सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतंत्रपणे सौम्य पुरुषी संप्रेरकं सोडू लागतात. घामाला वास येणं, चेहरा तेलकट होणं, काखेत थोडे केस येणं ही त्यांची कामं. या घटनेचा मेंदूतल्या ठोक्यांशी संबंध नाही. ती एकटी आली, तर मूल वयात आलं असं होत नाही, पण ती फार लवकर दिसली तर डॉक्टरांना दाखवावं.

उंचीचं गणितही याच संप्रेरकांच्या हाती आहे. झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींना बाराच्या आसपास आणि मुलांना चौदाच्या आसपास येतो, आणि त्या भरात मुलं वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरही वाढतात. हाडांची टोकं मिटवून वाढ थांबवण्याचं काम मात्र इस्ट्रोजेनचं, आणि हे मुलग्यांनाही लागू आहे. त्यांचं शरीर टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलून घेतं. १९९४ मध्ये अमेरिकेत एका अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाची नोंद झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. त्याची उंची २०४ सेंटीमीटर होती आणि त्या वयातही ती वाढत होती. यावरून लवकर वयात येणाऱ्या मुलाची गोष्ट समजते. ते वर्गात आधी सगळ्यांत उंच दिसतं, पण त्याची हाडं लवकर मिटतात आणि शेवटी ते सवंगड्यांच्या मागे राहतं.

मग अटकाव उठण्याची वेळ कशावर ठरते? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्याखालोखाल पोषणाचा. १९७० च्या दशकात रोझ फ्रिश यांनी शरीरातली चरबी आणि पाळी यांचा संबंध मांडला, पण चरबी मेंदूला निरोप कसा देते, हे कळायला १९९४ साल उजाडावं लागलं. जेफ्री फ्रीडमन यांनी चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन शोधलं. जन्मजात लेप्टिन नसलेल्या मुलांना ते औषध म्हणून दिलं, तेव्हा वयाने तयार असलेल्या मुलीत तारुण्याची लय सुरू झाली, आणि लहान वयाच्या मुलांमध्ये मात्र झाली नाही. लेप्टिन परवानगी देतं, घाई करत नाही. गरोदरपणाचा आणि स्तनपानाचा भार पेलण्याइतकं अन्न शरीराजवळ आहे का, हे मेंदू त्याच्याकडून जाणून घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर युरोपात सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना पाळी येई. पुढच्या शंभर वर्षांत हे वय तेराच्या आसपास आलं, याचं मोठं श्रेय अन्नाला आणि रोगराई कमी होण्याला जातं.

पण सगळंच अन्नाने समजत नाही. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या पहिल्या पाळीचं मध्यक वय ११.६ वर्षं निघालं, म्हणजे तिथल्या मुलींपेक्षाही आणि इथल्या मुलींपेक्षाही लवकर. आरंभीची उपासमार आणि त्यानंतर अचानक भरपूर पोषण, या क्रमाने घड्याळ पुढे सरकत असावं, असं त्यातून सुचतं. कोपनहेगनमध्ये १९९१ ते २००८ या काळात छातीवरची कळी दिसण्याचं सरासरी वय १०.८८ वरून ९.८६ वर आलं. पाळीचं वय मात्र १३.४२ वरून १३.१३ इतकंच खाली आलं. सुरुवात लवकर आणि शेवट जवळजवळ तिथेच, म्हणजे वाट लांबली. करोनाच्या टाळेबंदीत इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे लवकर वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढलेली आढळली. वजन, बैठी दिनचर्या, झोप, ताण आणि पर्यावरणातली रसायनं यांतल्या कशाचा किती वाटा, यावर शास्त्रज्ञ अजून काम करत आहेत. या पुस्तकात त्यांतल्या प्रत्येकाचा पुरावा वेगवेगळा तपासला आहे, कारण पुरावा सगळ्यांच्या बाबतीत सारखा भक्कम नाही.

हे सगळं मराठीत सविस्तर सांगावं असं मला फार वर्षं वाटत होतं. आपल्याकडे या विषयावर बोलणं होतं ते कुजबुजत, आणि ते बहुधा दोषाच्या भाषेत असतं. मुलगी आठव्या वर्षी वाढू लागली, की दूध, अंडी, मोबाइल, आईचं दुर्लक्ष, मुलीचे 'विचार' यांच्यावर खापर फुटतं. मुलगा पंधराव्या वर्षीही लहान दिसला, की त्याची थट्टा होते. शरीरक्रियाशास्त्र सांगतं, की हा निर्णय मुलाने घेतलेला नाही आणि तो त्याच्या मनाच्या वळणावरही अवलंबून नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या मूठभर पेशी घेतात. त्यात वंशाचा, पोषणाचा आणि परिस्थितीचा हात असतो. काही वेळा त्यामागे मेंदूतली गाठही असते, विशेषतः मुलग्यांमध्ये, आणि तिथे लाजेपायी घालवलेला प्रत्येक महिना महाग पडतो.

म्हणून चार आकडे पाठ असावेत. मुलीत आठ वर्षांच्या आधी आणि मुलात नऊ वर्षांच्या आधी खुणा दिसू लागल्या, तर डॉक्टरांकडे जावं. तेराव्या वर्षापर्यंत मुलीत आणि चौदाव्या वर्षापर्यंत मुलात एकही खूण दिसली नाही, तरीही जावं. या मर्यादांच्या आतली मुलं लवकरची असोत की उशिराची, बहुतेक निरोगी असतात. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित येणंही स्वाभाविक आहे. इस्ट्रोजेन चढलं की एलएचचा लोंढा सोडायचा आणि बीज बाहेर काढायचं, हा पाठ मेंदू आणि अंडाशय सगळ्यांत शेवटी शिकतात.

पहिल्या प्रकरणांत गर्भापासून मिनिप्युबर्टीपर्यंतची गोष्ट आहे, मधल्या भागात ठोक्यांची आणि अटकावाची, आणि शेवटच्या भागात लवकर व उशिरा येणाऱ्या तारुण्याची. पालक, शिक्षक, आशाताई आणि वैद्यकाचे विद्यार्थी यांना डोळ्यांपुढे ठेवून हे पुस्तक लिहिलं आहे. शक्य तिथे प्रयोगाची हकिगतही दिली आहे, कारण निष्कर्ष नुसता सांगितला तर तो आणखी एक ऐकीव गोष्ट होऊन बसतो, आणि या विषयात ऐकीव गोष्टी आधीच पुष्कळ आहेत.

वाचकांकडे माझं एकच मागणं आहे. शरीराचं घड्याळ आणि मनाचं वय यांची गल्लत करू नका. आठव्या वर्षी अंगाने वाढलेली मुलगी आठ वर्षांचीच असते. तिला खेळायला मैदान हवं, कुशीत जागा हवी, आणि आपल्या अंगात काय चाललं आहे हे तिला कळेल अशा शब्दांत सांगणारं विश्वासाचं माणूस हवं. पंधराव्या वर्षी कोवळा दिसणारा मुलगाही पंधरा वर्षांचाच असतो, त्याच मानाने वागवून घेण्याचा त्याला हक्क आहे. असं विश्वासाचं माणूस होण्याची तयारी ज्यांना करायची आहे, त्यांच्या हाती हे पुस्तक मी देत आहे.